गंडकीच्या काठाने नेपाळ

मंडळी, नेपाळला जाऊन आलेले किती जण आहेत इथे? हात वर करा बरं. निम्मं सभागृह! मुक्तिनाथपर्यंत पोचलेले? दहा-बारा. आता ज्यांच्या देवघरात शाळिग्राम आहे त्यांनी हात वर करा. बघा, जवळजवळ सगळे. म्हणजे जे नेपाळला गेले नाहीत, त्यांच्याकडे नेपाळ स्वतः येऊन बसलाय आणि रोज आंघोळही करतोय.

माझं म्हणणं साधं आहे. नेपाळ पॉइंट मोजत बघू नये, नदीच्या काठाने बघावा. ती नदी म्हणजे गंडकी. पत्रिकेवर ‘शहरांपासून अभयारण्यांपर्यंत’ असा विषय छापलाय, तिथे मी येणारच आहे. पण सुरुवात आजीपासून करायला हवी.

आजीचं पंचायतन होतं. नर्मदेचा बाण, शोणेचा शोणभद्र, गंडकीचा शाळिग्राम. तुळशीच्या लग्नाला हाच शाळिग्राम नवरदेव. मी विचारायची, “आजी, गंडकी कुठे गं?” ती म्हणायची, “लांब. बर्फातनं येते.” तिने नाशिकच्या पलीकडचं जग पाहिलेलं नव्हतं, पण या तीन नद्यांची नावं तिला रोजच्या पूजेतून पाठ होती. मी पुढे तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर गंडकी कितीदा दाखवली असेन! तिच्या काठावर मात्र निवृत्तीनंतरच गेले.

पहिल्यांदा गेले ती सहलीबरोबर. भक्तपूरला चाळीस मिनिटं मिळाली. न्यातपोलचं पाच छपरांचं देऊळ १७०२ सालचं, राजा भूपतींद्र मल्लाने बांधलेलं. १९३४ चा भूकंप झाला, २०१५ चा झाला, आजूबाजूची देवळं पडली, हे उभं राहिलं. पाच टप्प्यांचं जोतं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सर्वांत खाली दोन मल्ल, त्यांच्या वर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल, मग बाघिणी आणि सिंघिणी या देवता. प्रत्येक जोडीचं बळ खालच्या जोडीच्या दहापट, असं तिथले लोक सांगतात. मी हत्तींपर्यंत चढले आणि खालून शिट्टी वाजली. जुजू धौ, म्हणजे मातीच्या भांड्यात विरजलेलं ‘दह्यांचं राजेसाहेब’, तेही राहिलं.

पण मला खरं लागलं ते दुसऱ्या दिवशी. काठमांडूहून पोखराला जाताना बसच्या शेजारून तासन्‌तास एक नदी वाहत होती. राखाडी, फेसाळ. ती त्रिशूली. वाटेत बूढी गंडकी तिला मिळते, मुगलिंगला मर्स्यांग्दी मिळते. या सगळ्या सप्तगंडकीतल्या, म्हणजे ज्या सात नद्या मिळून गंडकी होते त्यांतल्या! आजीच्या देव्हाऱ्यातली नदी खिडकीत होती आणि बसमध्ये अंताक्षरी चालू होती. मी व्यवस्थापकांना म्हटलं, पाच मिनिटं थांबवा, पाण्याला हात लावून येते. ते म्हणाले, “ताई, इथे काही पॉइंट नाही.”

हे वाक्य मी विसरलेले नाही. तो मुलगा वाईट नव्हता. त्याच्या हातातल्या कागदावर नदी नव्हती, एवढंच.

चार वर्षांनी मी आणि माझी धाकटी बहीण, दोघीच गेलो. पोखराहून सकाळचं छोटं विमान. उजवीकडे ८०९१ मीटरचं अन्नपूर्णा, डावीकडे ८१६७ मीटरचं धौलागिरी, आणि मधल्या घळईतून खाली कालीगंडकी. वीसेक मिनिटांत जोमसोम. खाली उतरलो तर हिरवा रंगच नाही! पोखराजवळच्या लुमलेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि डोंगर ओलांडला की जोमसोमला जेमतेम तीनशेच्या आसपास. महाबळेश्वर आणि माण तालुका डोळ्यांपुढे आणा, फक्त मधला घाट आठ हजार मीटरचा करा.

दुपारी खोऱ्यात वारा उठतो, म्हणून विमानं सकाळचीच. त्या वाऱ्यात आम्ही कागबेनीला नदीच्या पात्रात उतरलो. आमच्या मुक्कामाची साहुनी, खानावळीच्या मालकिणीला तिथे असंच म्हणतात, बरोबर आली. तिने एक काळा गोटा उचलला, दुसऱ्यावर हलकेच आपटला, तो दुभंगला. आत चक्र. कडेला बारीक, एकसारख्या रेघा. बहिणीने हात जोडले. मी मात्र मटकन वाळूत बसले, कारण मी वर्षानुवर्षं फळ्यावर ‘टेथिस समुद्र’ लिहिलं होतं आणि त्या समुद्रातला जीव आता माझ्या तळहातावर होता. अमोनाइट. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, शिंपल्यातला. समुद्राचा तळ उचलला गेला, हिमालय झाला, आणि नदी तो तळ कोरून शंखचक्रं खाली पाठवते आहे. आजीची ‘बर्फातनं येते’ ही माहिती बरोबरच होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. तेव्हा आता भराभर.

या काठाने खाली यायचं. वर मुक्तिनाथ, १०८ धारा, हिंदूंचं तसंच बौद्धांचंही तीर्थ. मग मार्फा, सफरचंदांचं गाव. मग ठकाली लोकांची गावं. तिबेटचं मीठ खाली आणि खालचं धान्य वर, हा त्यांचा जुना व्यापार. तातोपानीला गरम पाण्याचे झरे. रिडीला रुरुक्षेत्र हे तीर्थ. देवघाटला त्रिशूली भेटते, तिथून नाव नारायणी, आणि पुढे चितवन.

चितवनचं राष्ट्रीय उद्यान १९७३ चं. त्याआधीच्या दशकात गेंडे शंभराच्या आसपास उरले होते. २०२१ च्या मोजणीत तिथे ६९४ भरले. उद्यानातल्या कसारा इथे १९७८ पासून सुसरींची पैदास करून त्या नदीत सोडतात. आणि मुद्दा हा, की उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा कायद्याने भोवतालच्या गावांकडे जातो. वर अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र, १९८६ पासूनचं, ७६२९ चौरस किलोमीटर. त्यात माणसं राहतात, शेती करतात, आणि प्रवेशशुल्क तिथल्याच कामाला लागतं. आपण काठमांडूत तीन रात्री काढून बाजारहाट करून परततो, तेव्हा यांतल्या कुणाच्याच हाती काही पडत नाही. काठाने मुक्काम करत आलात तर प्रत्येक गावात एक रात्र, एक जेवण राहतं. दहा दिवस पुरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, आकाश धुतलेलं असतं. काठमांडू-भक्तपूरला दोन पूर्ण दिवस द्या, आणि त्रिशूलीच्या काठी बस थांबवा, हे आधीच लिहून घ्या.

सुसरींबद्दल अजून सांगायचं होतं, राहू दे. ही डबी बघा. आजीचा शाळिग्राम आहे, मी मुद्दाम आणलाय. त्याची एक कड उडालेली आहे. आजी म्हणायची, शाळिग्राम भंगला तरी पूजेला चालतो. त्या फुटक्या कडेतून आतल्या रेघा दिसतात. चहाच्या टेबलाशी ठेवते. हातात घेऊन बघा, पण खिडकीपाशी, उजेडात.