वाटणी न झालेला वाडा: पोर्तुगालचं काझा दे मातेउश

नमस्कार मंडळी! आपल्याकडे जुना वाडा बघायला गेलं की बहुतेक वेळा अर्धाच वाडा बघायला मिळतो. चौकात मधोमध भिंत घातलेली, थोरल्याच्या जिन्याला कुलूप, धाकट्याच्या बाजूला सिमेंटचा स्लॅब. आज जे घर दाखवणार आहे, त्याची वाटणी करायला कायद्यानंच बंदी होती.

(स्क्रीनवर: घराचा समोरून फोटो)

हे काझा दे मातेउश. उत्तर पोर्तुगालमध्ये विला रेआल नावाचं शहर आहे, त्याच्या अगदी जवळ. अशा खानदानी घराला तिथे 'सोलार' म्हणतात, म्हणजे घराण्याचं मूळ ठिकाण. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे बांधून घेतलं आंतोनियो जोझे बोतेल्यो मोरांव यांनी. ते मातेउशचे तिसरे 'मोर्गादो', म्हणजे न वाटता येणाऱ्या वारशाचे मालक.

या 'मोर्गादो' शब्दातच सगळी गोष्ट आहे. घर, जमीन, मळे, सगळं अखंड थोरल्या मुलाकडे जायचं. त्यालाही ते विकता यायचं नाही, तोडता यायचं नाही. त्यानं सांभाळायचं आणि पुढच्या थोरल्याच्या हाती द्यायचं. मग धाकट्यांनी काय करायचं? कुणी चर्चमध्ये गेलं, कुणी सैन्यात, कुणी जहाजात बसून वसाहतींकडे निघालं. असली घरं बघताना मला त्या धाकट्यांची फार आठवण येते. एवढं देखणं घर शाबूत राहिलं, त्याची किंमत त्यांनी मोजली आहे.

आता समोरची बाजू नीट बघा. घराचे दोन हात पुढे आलेत, मधला भाग आत सरकलाय, म्हणून दारापुढे आपोआप अंगण तयार झालं. तिथून दगडी जिना दोन बाजूंनी वर चढतो आणि पहिल्या मजल्यावरच्या दाराशी एक होतो. मुख्य दार वर का? कारण अशा घरांत खालचा मजला कोठारांचा आणि राबत्याचा, मालकांचं राहणं वरती. वर नजर न्या: घराण्याचं कुलचिन्ह, शेजारी पुतळे, आणि छपराच्या कडेनं आभाळात घुसलेले ग्रॅनाइटचे सुळके.

(स्क्रीनवर: खिडकीच्या चौकटीचा क्लोजअप)

इथे जरा थांबूया. भिंत चुन्याची, पांढरीशुभ्र. चौकट काळपट ग्रॅनाइटची. ग्रॅनाइट हा मोठा हट्टी दगड, संगमरवरासारखा नाजूक कोरता येत नाही. म्हणून कारागिरांनी बारीक नक्षीच्या मागे न लागता ठसठशीत वळणं घेतली, आणि पांढऱ्या भिंतीवर ती जाड शाईनं काढल्यासारखी उठतात. अभ्यासक हे काम निकोलाउ नासोनी यांचं मानतात. नासोनी मूळचे इटलीतल्या तोस्कानाचे, 1725 मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात आले, आणि आले ते चित्रकार म्हणून! पोर्तोचा प्रसिद्ध क्लेरिगोश मनोरा त्यांचाच. ही भिंत चित्रकाराच्या नजरेनं रचलेली आहे, हे मला तरी स्पष्ट दिसतं.

आत चेस्टनटच्या लाकडाची कोरीव छतं आहेत. पण माझा जीव अडकतो तो ग्रंथालयात. याच घराण्यातले पुढचे एक मोर्गादो, जोझे मारिया दे सोझा बोतेल्यो, यांनी 1817 मध्ये पॅरिसला 'उश लुझियादश' या महाकाव्याची सचित्र आवृत्ती छापून घेतली. विकायला नाही, भेट द्यायला! वास्को द गामाच्या हिंदुस्थानच्या सफरीचं हे काव्य, आणि ते लिहिणारे कवी कामोइंश स्वतः गोव्यात राहून गेलेले. डोंगरातल्या या घराचा आपल्या किनाऱ्याशी धागा जुळतो तो इथे.

आणि हो, फोटोत घराचं प्रतिबिंब पडलेलं तळं दिसतंय ना? ते नासोनींनी कधी पाहिलंच नाही. ते विसाव्या शतकात केलेलं आहे.

मोर्गादोची पद्धत पोर्तुगालनं 1863 मध्ये रद्द केली. म्हणजे त्यानंतर या घराचे तुकडे पडू शकले असते. पडले नाहीत. 1970 मध्ये घराण्यानंच एक प्रतिष्ठान स्थापन केलं आणि घर, बाग, ग्रंथालय त्याच्या हवाली केलं. आज तिकीट काढून कुणीही त्या जिन्यानं वर जाऊ शकतं, थोरला असो की धाकटा.