चिलापीच्या भाऊबंदांची बाग

नमस्कार. सचिवसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. पण मागच्या टेबलावर चहाची किटली येऊन बसलेली मला दिसतेय, तेव्हा पंधराच धरून चालू.

विषय आहे सिक्लिड माशांच्या टाकीत झाडं कशी लावायची. त्याआधी एक प्रश्न. उजनीची चिलापी कोणी कोणी खाल्ली आहे? लाजू नका, हात वर करा. शाकाहारी मंडळींना सूट. ही चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची आणि कुळाने सिक्लिडच. केरळातली करीमीन ही आपली देशी सिक्लिड. दुकानातला एंजल फिशही त्याच कुळातला, दक्षिण अमेरिकेचा. म्हणजे इथल्या निम्म्या लोकांनी सिक्लिड पाळायच्या आधीच खाऊन टाकलाय.

या कुळाला खोदायचं व्यसन आहे. अंडी घालायची म्हटली की खड्डा, आणि नाही घालायची तरी खड्डा. माझा पहिला मासा ऑस्कर, तोही सिक्लिडच. त्याच्यासाठी मी पुण्याहून सहा ॲमेझॉन सोर्ड आणली, खडीत नीट रोवली आणि घरच्यांबरोबर गड्ड्याच्या जत्रेला गेलो. पाळण्यात बसलो, भजी खाल्ली, रात्री परत आलो तर सहाच्या सहा झाडं मुळं वर करून तरंगतायत आणि साहेब कोपऱ्यात खडी तोंडात घेऊन थुंकतायत. पुन्हा लावली, बुडाशी दगड ठेवले. सकाळी दगड बाजूला, झाडं वर. तिसऱ्या वेळी त्याने थर्मामीटरही उपटला. आई भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "त्याच्यापुढे मेथीची जुडी टाक, निवडून तरी देईल." दुकानदाराचं म्हणणं, झाड कमजोर होतं. मी आणखी चार विकत घेतली. हसू नका, तुमच्यातही असे आहेत.

माझं खरं दुखणं मात्र वेगळं आहे. आपल्या सोलापुरात जो तो पाण्याला शिव्या देतो. नळाला पाणी चार-चार दिवसांआड, बोअरचं पाणी जड, साबणाला फेस नाही, बादलीला पांढरा थर. आणि हीच माणसं माशांसाठी आरओचं पाणी आणतात! अहो, मलावी आणि टांगानिका ही आफ्रिकेतली सिक्लिडांची सरोवरं. मलावीच्या पाण्याचा पीएच साधारण 7.7 ते 8.6 (7 च्या वर म्हणजे अल्कधर्मी), टांगानिकाचा 9 च्या आसपास, वर क्षारही भरपूर. तिथल्या माशाला आपलं बोअर म्हणजे माहेर. आरओ ठेवा उन्हाळ्यासाठी. पारा बेचाळीसवर गेला की टाकीतलं पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. तेवढी तूट आरओने भरा. पाणी बदलायचं ते मात्र बोअरचंच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता मुद्द्याचं, भराभर.

दगड आधी, वाळू नंतर. दगड थेट काचेवर नको, खाली फोमचा तुकडा घाला. वाळूवर दगड रचले की मासा खालून पोखरतो आणि ढीग काचेवर कोसळतो.

झाड मातीत लावूच नका. अनुबियास आणि जावा फर्न ही दोन झाडं दगडाला बांधायची. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं. बांधायला नायलॉन कशाला? शहराच्या पूर्व भागात कुणा विणकराकडून रंग न दिलेलं सुती सूत मागून आणा. दोन-तीन महिन्यांत ते कुजून गळतं, तोवर मुळांनी दगड धरलेला असतो. पानं जाड आणि कडवट, त्यामुळे मासे सहसा तोंड लावत नाहीत. व्हॅलिसनेरिया जड पाण्यात फोफावते, पण ती कुंडीत लावून कुंडी दगडांत अडकवा. दगडांवरचं शेवाळ घासू नका, मलावीचे म्बुना, म्हणजे दगडांत राहणारे सिक्लिड, तेच चरतात. दिवा आठ तास पुरे.

एंजल पाळणाऱ्यांनी माझ्यासारखी सोर्ड लावायला हरकत नाही, तो खोदत नाही. फक्त त्याला जरा मऊ पाणी आवडतं.

काय म्हणालात? फ्लॉवरहॉर्नच्या टाकीत काय लावायचं? तोही सिक्लिडच, आत काही टिकू देणार नाही. टाकीच्या मागे कुंडीत मनीप्लांट ठेवा, काचेतून छान दिसतो. चहा घ्या.