आगाऊ कराचे चार हप्ते

नमस्कार श्रोतेहो,

आजचं बोलणं आहे ते स्वतःच्या कामावर पोट चालवणाऱ्यांशी. दवाखाना चालवणारे डॉक्टर, वकील, छायाचित्रकार, भाषांतरकार, कंत्राटावर इलेक्ट्रिकची कामं घेणारे, घरून शिकवण्या घेणारे. नोकरदाराचा आयकर दर महिन्याला पगारातून कापला जातो, त्यामुळे तो त्याला फारसा जाणवत नाही. आपल्या हातात मात्र पैसे येतात ते बहुतेक वेळा पूर्ण, किंवा टीडीएसचे, म्हणजे पैसे देणाऱ्यानेच आपल्या नावावर आधी कापून भरलेल्या कराचे, थोडे कापून. आणि एकदा खात्यात जमा झाले की ते सगळे आपलेच वाटू लागतात. घरभाडं जातं, मुलांची फी जाते, एखादं यंत्र घेतलं जातं. मग रिटर्न भरायची वेळ येते, सीए आकडा सांगतात आणि पोटात गोळा येतो.

त्या आकड्याची भीती वाटू नये अशी सोय कायद्यातच आहे: आगाऊ कर. वर्षाचा अंदाजे कर काढायचा, त्यातून कापला गेलेला टीडीएस वजा करायचा. उरलेली रक्कम १० हजार रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर ती वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायची. तारखा लिहून घ्या. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण १०० टक्के. २०१६पूर्वी आपल्यासारख्यांना तीनच हप्ते होते. जूनचा हप्ता नंतर आला, म्हणून जुन्या मंडळींच्या तो अजूनही ध्यानात राहत नाही.

न भरल्यास काय होतं? धरून चला की टीडीएस वजा जाता तुमचा कर १ लाख रुपये आहे. जूनचे १५ हजार चुकले, त्यावर महिना १ टक्का दराने तीन महिन्यांचं व्याज ४५० रुपये. सप्टेंबरपर्यंतचे ४५ हजार चुकले, १,३५० रुपये. डिसेंबरचे ७५ हजार, २,२५० रुपये. मार्चमध्येही हात वर केले, तर एका महिन्याचे आणखी १ हजार. ही झाली हप्ते चुकवल्याची ५,०५० रुपयांची आकारणी. शिवाय मार्चअखेरपर्यंत ९० टक्के कर भरलेला नसेल, तर एप्रिलपासून वेगळं व्याज सुरू होतं, तेही महिना १ टक्का. महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात. जुलैअखेर सगळं भरलंत तर त्याचे ४ हजार. म्हणजे १ लाखाच्या करावर ९,०५० रुपये नुसते व्याजाचे. कष्टाचे पैसे असे गेलेले मला बघवत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, आमची कमाई काही सरळ रेषेत येत नाही. जूनमध्ये काम नसतं, डिसेंबरात श्वास घ्यायला फुरसत नसते, वर्षाचा अंदाज बांधायचा कसा? खरी अडचण इथेच आहे. अंदाज एकदाच बांधून गप्प बसायचं नाही, हे त्यावरचं उत्तर. प्रत्येक हप्त्याच्या आधी आतापर्यंतची कमाई मांडायची, हातातली कामं धरायची आणि आकडा नव्याने काढायचा. आधी कमी भरलं असेल तर पुढच्या हप्त्यात भर घालता येते. कायदाही थोडी सवलत देतो: जूनमध्ये १२ आणि सप्टेंबरपर्यंत ३६ टक्के भरलेले असले, तरी त्या दोन हप्त्यांवर व्याज लागत नाही. व्यवसायाचं उत्पन्न यंदा पहिल्यांदाच सुरू झालं असेल, तर त्यावरचा कर उरलेल्या हप्त्यांत भरला तरी चालतो. हप्ता पूर्ण भरता येत नसेल तर जमेल तेवढा भराच, कारण व्याज फक्त कमी पडलेल्या रकमेवर असतं. पूर्ण रक्कम जमेपर्यंत थांबण्यात काहीच हशील नाही.

मी तर सांगेन, एक वेगळं बचत खातं उघडा. बिलाचे पैसे आले की त्याच दिवशी ठरलेला हिस्सा तिकडे वळवा आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड खिशात ठेवू नका.

छोट्या व्यापाऱ्यांसाठी आणि ठरावीक व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे, म्हणजे खर्चाचा तपशील न मांडता उलाढालीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरायचा. तिच्यात असाल तर चार हप्ते नाहीत, १५ मार्चला एकदाच सगळा कर भरायचा. ही सोय आहे खरी, पण वर्षभराचा बोजा एकाच दिवशी पडतो. त्यांनाही वेगळं खातं हवंच.

भरताना आयकर खात्याच्या संकेतस्थळावर ई-पे टॅक्समध्ये जा. पॅन आणि मोबाइल नंबर द्या, ओटीपी येईल. पुढे वर्ष आणि कराचा प्रकार विचारतात. तिथे घाई करू नका. आगाऊ कराचा कोड १००, रिटर्नच्या वेळच्या स्वयंनिर्धारण कराचा ३००. चुकीचं वर्ष निवडलं तर पैसे सरकारकडे जमा होतात, पण तुमच्या हिशेबात दिसत नाहीत. चलन, म्हणजे कर भरल्याची नोंद, दुरुस्त करता येतं, मात्र त्याची मुदत थोडी असते. चलनाची पावती जपून ठेवा.

आणि ज्यांचं सगळंच हुकलं आहे, राहिलेल्या कराच्या मागणीची नोटीस घरी आली आहे, त्यांनी ती न उघडता कपाटात टाकू नये. साधारणपणे ३० दिवसांची मुदत असते. ती संपायच्या आत कर निर्धारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून हप्ते मागता येतात. सोबत बँकेची विवरणपत्रं जोडा, येणी दाखवा, दरमहा किती भरू शकता ते स्पष्ट लिहा. हप्ते द्यायचे की नाही हे अधिकारी ठरवतात, आणि मुदतीनंतर राहिलेल्या रकमेवर महिना १ टक्का व्याज चालूच राहतं. हप्ते मिळाले की एकही चुकवू नका, कारण एक हप्ता चुकला तर राहिलेली सगळी रक्कम त्याच दिवशी देय ठरते. म्हणून अर्जात मोठा आकडा लिहून अधिकाऱ्यांना खूश करायला जाऊ नका, मंदीच्या महिन्यातही पेलेल तेवढाच हप्ता मागा.

नमस्कार.