घडवंचीचे चार पाय

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतलं एक धाब्याचं घर पाडलं. तिथं आता स्लॅबचं घर होईल, आणि ते बरंच आहे. पावसाळ्यात धाबं गळायला लागलं की रात्रभर घरात पातेली मांडावी लागतात, हे आपल्या खान्देशात कुणाला वेगळं सांगायला नको. पण त्या घराचं लाकूड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरताना मी ओट्यावरून बघत होते. खांब, तुळया, दाराच्या चौकटी. चांगलं ते वखारीत, उरलेलं जळणात. जळणाच्या ढिगावर एक घडवंची उलटी पडली होती. मी ती मागून घेतली.

घडवंची तुम्ही पाहिलीच असेल, पाण्याचे हंडे-माठ ठेवायची. ही धुरानं आणि ओलीनं काळी पडलेली, चारही पाय खालून कुजलेले. माठ पाझरतात, पाणी पायाशी साचतं, आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकाकडून. आमच्या सुतारदादांनी पटाशीचं टोक खालून टोचत टोचत वर नेलं. चार बोटं वर आल्यावर टोक शिरेचना. ते म्हणाले, "ताई, या लाकूडले काही व्हत नई." तेवढे चार बोटं पाय त्यांनी सारखे कापले, ढिल्या सांध्यांत फेविकॉल घालून दोरीनं आवळून ठेवले, आणि पुढचं काम माझ्यावर सोपवलं.

पॉलिश पेपर आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०. घासायचं ते रेषांच्या दिशेनं. आडवं घासलं की ओरखडे उठतात आणि तेल लावल्यावर ते जास्तच दिसतात. तासाभरानं काळ्या थराखालून तांबूस पिवळी रेघ दिसायला लागली आणि सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास आला. तेव्हा मला भरून आलं, खरं सांगते. इतकं चांगलं सागवान चुलीत चाललं होतं.

वरून जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात मिळतं ते, स्वयंपाकातलं नव्हे. फडक्यानं पातळ लावायचं, थोड्या वेळानं जादाचं पुसून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. इथं एक गोष्ट नीट ऐका. तेलानं भिजलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं, आणि बोळ्यात ती ऊब कोंडली तर चिंधी आपोआप पेट घेते. आपल्याकडच्या मे महिन्यात तर बोलायलाच नको. चिंधी बाहेर तारेवर मोकळी पसरा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

आता त्या घडवंचीवर माझ्या मुलीची पुस्तकं आहेत. सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी, कागद आणि तेल, एवढाच खर्च.

पण जुनं म्हणून सगळंच उचलायचं नाही. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात बदल्या होतात, माणसं निघताना जड सामान विकून जातात, तिथं चांगल्या वस्तू मिळतात. वस्तू आधी उचलून बघा, उलटी करून बघा. तळाशी, जिथं पॉलिश नसतं, तिथं खरं लाकूड कळतं. भुशाच्या दाबलेल्या फळीचं कपाट पाण्यानं फुगलं असेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका, त्याला स्क्रूसुद्धा धरत नाही. बारीक गोल छिद्रं दिसली तर वस्तू महिनाभर वेगळी ठेवा आणि खाली काळा कागद अंथरा. कागदावर मैद्यासारखी नवी पूड पडली तर घुण अजून जिवंत आहे. औषध केल्याशिवाय घरात घेऊ नका, दुसऱ्या लाकडालाही लागते.

रंगाचं तर फारच जपायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे त्याआधीच्या ऑईलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. जुना पाळणा, जुनं दार कोरडं घासू नका. वॉटर पेपरनं ओलं करून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा, आणि निघालेला गाळ पिशवीत बांधून टाका. पाळण्याच्या बाबतीत मी तर म्हणेन, शंका असेल तर त्यात बाळ ठेवूच नका.

पॉलिशला आपली हवा सांभाळावी लागते. एकदा मी आषाढात चौरंगाला लाखेचं पॉलिश केलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते. स्पिरिट उडताना दमट हवेतलं पाणी धरलं गेलं आणि सगळ्या चौरंगावर पांढरट ढग आला. दसऱ्याच्या सुमारास सगळं पुन्हा करावं लागलं. भर उन्हातही नको, फोड येतात. हिवाळ्यात, सावलीत करावं. आणि मे महिन्यात दार रंध्यानं घट्ट बसवून घेऊ नका. तेव्हा लाकूड सुकून आकसलेलं असतं, श्रावणात फुगतं आणि दार अडकतं.

शेवटी बाजेबद्दल बोलते. किती घरांत बाजेचा सांगाडा माळ्यावर पडलेला आहे! दोरी कुजली म्हणून बाज टाकतात. सांगाडा धड असेल तर फक्त नवार, म्हणजे विणायची सुती पट्टी, आणि पायथ्यासाठी दोरी आणा. विणायला दोघं लागतात, एकानं ताणायची, दुसऱ्यानं खालून वर काढायची. पायथ्याशी दोरीची ओढ ठेवायची, म्हणजे नवार सैल झाली की पुन्हा आवळता येते. आमच्या शेजारच्या काकूंनी आणि मी मिळून सासूबाईंची बाज एका दुपारीत विणली. काकूंची बोटं माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं चालत होती.

ती बाज आता गच्चीवर असते. वैशाखात आम्ही सगळे रात्री गच्चीवरच झोपतो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंद माहेरी आली, तेव्हा तिनं आधी बाजेच्या पायावर हात फिरवला, मग आडवी झाली.

नमस्कार.