सुई आणि सडा

(पहाट. काळोखात टॉर्चचा एक ठिपका हलतोय. पावलांखाली वाळकं गवत चुरचुरतंय.)

कोकणातला सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, पावसात शेवाळाचा आणि दिवाळीला कमरेएवढ्या गवताचा. फाल्गुनात गवत कापून झालेलं असतं, खुंट तेवढे उरतात आणि कातळ उघडा पडतो. एप्रिल लागला की सकाळी नऊलाच तळपाय भाजायला लागतात. म्हणजे मोकळेपणी पळायला मिळतात ते मधले थोडेच आठवडे.

ती पुण्याहून आलीय, आठवड्याची रजा टाकून. राजापूर तालुक्यात तिचं आजोळ. ओटीवर शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांच्या बॅगा आणि त्यांच्यात तिची एक, निम्मी नकाशांनी भरलेली.

तिचा खेळ ओरिएंटियरिंग. हातात नकाशा, अंगठ्याला अडकवलेला कंपास आणि रानात ठरलेल्या जागी लावलेली केशरी-पांढरी निशाणं. ती क्रमाने गाठायची. वाट कुठून काढायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. निशाणं लपवलेली असतात असं लोकांना वाटतं. तसं नसतं. बरोबर जागी पोचलात तर ते समोर दिसायलाच हवं.

हा शब्द आला स्वीडनच्या सैन्यातून, १८८६ साली. पुढे मेजर अर्न्स्ट किलंडर यांनी १९१९ च्या मार्चमध्ये स्टॉकहोमच्या दक्षिणेला मोठी स्पर्धा भरवली, आणि हा खेळ सैन्याबाहेर पसरला. आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ चा. तिकडचा मार्च म्हणजे विरघळतं बर्फ. इकडचा म्हणजे काजूची बोंडं आणि मोहराला चिकटलेली सुपारीएवढी कैरी.

(ओटीवर पसरलेला नकाशा. कोपऱ्यावर पाण्याचा तांब्या.)

सोमवारी ती पळत नाही, चालते. हा नकाशा तिने स्वतः केलाय. सरकारी नकाशाचं प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. आख्खा सडा अंगठ्याखाली झाकला जातो. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, त्याही वीस मीटरला एक. सड्यावर वीस मीटर चढ आहेच कुठे? म्हणून उपग्रहाच्या चित्रावरून, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर आणि तीन उन्हाळ्यांच्या पायपिटीवर हा एकास दहा हजारचा नकाशा उभा राहिला. प्रत्येक गडगा म्हणजे दगडी बांध, प्रत्येक पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट, एकटं उभं ऐनाचं झाड, करवंदाची जाळी, सगळं त्यावर आहे.

रंगांची गंमत अशी की पांढरं म्हणजे मोकळं मैदान नव्हे. पांढरं म्हणजे सरळ पळता येईल असं रान. उघडी जमीन पिवळी. हिरवं जितकं गडद तितकी जाळी दाट. आमच्या डोळ्यांना हिरवं म्हणजे बरं वाटतं. तिच्या डोळ्यांना हिरवं म्हणजे ओरखडे. तिच्या नकाशावर पांढरं फार थोडं, आणि जे आहे ते बहुतेक काजूच्या बागांचं. बागांना तारेचं कुंपण.

चालायचं कारण तासाभरातच समोर आलं. गेल्या वर्षी जिथे सपाट कातळ होता, तिथे आता चिऱ्याची खाण आहे. वीसेक फूट खोल, कडा सुरीने कापल्यासारख्या, काठाला ना तार ना दगड. टॉर्चच्या उजेडात ही कड दिसली नसती. तिने खिशातून पेन्सिल काढली आणि नकाशावर काळी रेघ मारली. बोलली काहीच नाही. आमचा कॅमेरामन मात्र चार पावलं मागे सरकला.

(व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, उतरणारी पाखाडी.)

मंगळवारचा नकाशा विचित्र होता. सगळे रंग पुसलेले, फक्त तपकिरी समोच्च रेषा. वाट नाही, घर नाही, गडगा नाही. सड्याच्या कडेवरून व्हाळात उतरायचं आणि पुन्हा वर यायचं, निव्वळ जमिनीचा आकार वाचत. सोंड कुठे, घळ कुठे, कुठली रेष आत वळतेय. सड्यावर न वाचता येणारी जमीन इथे बोलकी होते. पाच मीटरला एक रेष, आणि रेषा इतक्या जवळ की नकाशाचा तेवढा भाग तपकिरीच दिसतो.

इथेच खाजकुयलीने गाठलं. या दिवसांत तिच्या शेंगा वाळतात आणि वाऱ्याला लागली की कुसं उडतात. हे कुठल्याच नकाशावर नसतं. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. घरी आल्यावर आजीने चुलीतली राख चोळली, मग पोटरीत मोडलेला करवंदाचा काटा सुईने काढला. चष्मा कपाळावर, जीभ दातांत धरलेली.

“पैसे देतंत काय गो तुका ह्याचे?” आजीने विचारलं.

“नाय गो.”

“मग?”

याला उत्तर नव्हतं. आजीने हळद लावली आणि त्या रात्री शिवणयंत्रावर अर्धी राहिलेली निशाणं पुरी करून दिली. तीस सेंटिमीटरचे चौकोन, अर्धे पांढरे, अर्धे केशरी. तीन चौकोन जोडले की एक निशाण. विकत आणण्यापेक्षा हे स्वस्त.

बुधवार चढांचा. पाखाडीवर वर पळायचं, चालत उतरायचं, आठ वेळा. त्यात सांगण्यासारखं काही नाही. दमछाक सगळ्या खेळांत सारखीच.

(देवाचे गोठणे. सूर्योदयाआधीचा उजेड.)

गुरुवारसाठी ती गाडी काढून देवाचे गोठण्याला गेली. गावावरच्या सड्यावर कातळात कोरलेली एक मनुष्याकृती आहे. कोकणातल्या कातळशिल्पांच्या नऊ जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली आल्या, त्यांतली ही एक. तिला चित्राइतकंच आकर्षण दुसऱ्याच गोष्टीचं होतं. इथे कंपास बरोबर दिशा दाखवत नाही.

एरवी कोकण या खेळाला सोयीचं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत इथे एक अंशाचाही फरक नाही. सुईवर डोळे मिटून विश्वास टाकावा. तिने तेच केलं होतं, दहा वर्षं.

विषुवदिन चार दिवसांवर होता. या दिवसांत सूर्य जवळपास ऐन पूर्वेला उगवतो, म्हणजे पहिल्या उन्हात माणसाची सावली पश्चिमेला पडते. पावणेसातच्या सुमाराला ऊन आलं. तिने बूट काढून बाजूला ठेवले, शिल्पाच्या रेषांवर पाय पडणार नाही अशा बेताने उभी राहिली आणि कंपास तळहातावर धरला. सावली एकीकडे, सुई दुसरीकडे. दोन पावलं सरकली, सुई सरकली. खाली वाकून हात कातळाजवळ नेला, सुई दचकल्यासारखी हलली आणि थरथरत राहिली. आपला हात हलतोय म्हणून तिने कंपास कातळावर टेकवला. तरी तेच.

मग बाजूला येऊन बूट घातले आणि त्या सड्यावर तासभर पळाली, कंपास खिशात टाकून. सावली, गडगे, दूरची झाडं. आणि पावलांची मोजणी. मोकळ्या कातळावर शंभर मीटरला तिची चाळीस दुहेरी पावलं (डावं-उजवं मिळून एक) होतात, जाळीत साठाच्याही वर जातात. ओठ सारखे हलत होते. लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना वाटलं, जप चाललाय.

“काय गो बाय, काय हरवलाय?”

“काय नाय. हयच हाय सगळा.”

शुक्रवारी विश्रांती. शनिवारी रात्री पळायचं ठरलं होतं, पण मामाने आडकाठी घातली. पऱ्याच्या, म्हणजे ओहोळाच्या, अंगाला बिबट्याचे ठसे दिसले होते. ती रागावली. खरं सांगायचं तर आम्हाला हायसं वाटलं. शिवाय त्या रात्री वाडीत पालखी होती. ढोल, ताशा, पुढे निशाण, आणि पालखी घरोघर. एकही घर वगळायचं नाही, क्रमही मोडायचा नाही. मामेभाऊ म्हणाला, “ताई, ही बघ तुझी स्पर्धा.” तिने हसून त्याच्या डोक्यात टपली मारली.

(रविवार, सकाळ. घड्याळाचा बीप.)

रविवारची शर्यत. मामेभावाने आदल्या संध्याकाळी बारा निशाणं लावली होती, कुठे ते फक्त नकाशावरच्या जांभळ्या वर्तुळांत. नकाशा घडी घालून हातात, अंगठा आपण आहोत तिथे, आणि पाय पुढे गेले की अंगठाही पुढे. सहाव्या निशाणापर्यंत सगळं सुरळीत. सहावरून सातला सरळ जायचं तर गडद हिरवं. तिने लांबची वाट घेतली, गडग्याला धरून, मग ऐनाच्या झाडापासून नेमकं साठ मीटर.

सातवर निशाण नव्हतं.

(कॅमेरा थांबतो. फक्त श्वास.)

गडग्याचा कोपरा आहे. कोपऱ्यात ढासळलेले चार चिरे आहेत. पलीकडे करवंदाच्या दोन जाळ्या, त्यांच्यामध्ये ढोरवाट. तिने मागे ऐनाकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं. सुईकडे पाहिलं नाही. आम्ही मनात म्हणत होतो, शोध, आजूबाजूला शोध. तिने वाकून चिऱ्याला हात लावला आणि आठकडे निघाली. थांबली असेल दहाएक सेकंद.

दुपारी मामेभाऊ शपथा घेत होता, लावलंच होतं म्हणून. संध्याकाळी देवळात गेलो. सहाणेवर, म्हणजे पालखीच्या ओट्यावर, पालखी टेकलेली, शेजारी देवाचं निशाण भिंतीला उभं. त्याच्या पायाशी नीट घडी घातलेलं आजीच्या हातचं केशरी-पांढरं फडकं, वर अबोलीचं एक फूल.

पायरीवर बसलेले आजोबा म्हणाले, “सड्यार पडलेला गावला. शिमग्याचे दिवस. देवाचा असात म्हणान आणून ठेवलंय.”

तिने फूल कानामागे खोवलं आणि फडकं तिथेच राहू दिलं.