विधानसभेच्या दारातला सायकल ट्रॅक

नमस्कार, श्रोतेहो.

टोरोंटोत युनिव्हर्सिटी अव्हेन्यू नावाचा रुंद रस्ता आहे. त्याच्या उत्तरेच्या टोकाला क्वीन्स पार्क, म्हणजे ओंटारियो प्रांताची विधानसभा. तिथून खाली उतरत गेलं की मोठमोठी रुग्णालयं लागतात. पाळी बदलायच्या वेळी तिथे उभं राहावं. रुग्णालयाच्या निळ्या कपड्यांतली माणसं पाठीला सॅक अडकवून कडेच्या ट्रॅकवरून सायकली हाणत असतात. मोटारी आणि त्यांच्यामध्ये काँक्रीटचा बुटका कठडा, बस्स.

हा ट्रॅक काढून टाकायचा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच विधानसभेने केला. ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी हे तीन रस्ते चक्क नावानिशी कायद्यात घातले. शिवाय मोटारींची लेन कमी करून नवा ट्रॅक आखायचा, तर आधी प्रांताची परवानगी घ्यायची, अशी अट तेव्हा घातली. कारण सांगितलं वाहतूककोंडीचं. या तीन रस्त्यांवरचे ट्रॅक बांधायला महापालिकेने सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर घातले होते. काढायला ४ कोटी ८० लाख लागतील, असा तिचाच अंदाज.

पालिकेला विचारायचं नाही का? नाही विचारलं तरी चालतं. कॅनडाच्या १८६७ च्या राज्यघटनेने पालिका प्रांताच्या हाती दिल्या आहेत. भाडेकरूने कितीही हौसेने भिंत रंगवावी, किल्ली मालकाकडेच. प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे, डग फोर्ड एकेकाळी याच शहराचे नगरसेवक होते, त्यामुळे हे त्यांना पक्कं ठाऊक. २०१८ मध्ये ऐन पालिका निवडणुकीत त्यांनी प्रभाग ४७ वरून २५ वर आणले. सर्वोच्च न्यायालयानेही ते २०२१ मध्ये उचलून धरलं, पाच विरुद्ध चार अशा मतांनी. आपल्याकडे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पालिका निदान राज्यघटनेत तरी आल्या. त्यानंतरही पुण्या-मुंबईचा गाडा २०२२ पासून जवळपास चार वर्षं प्रशासकांनीच हाकला, ते वेगळं.

मला मात्र त्या कायद्यातलं एक कलम सर्वांत जास्त खटकतं. ट्रॅक काढल्यामुळे उद्या कुणी जखमी झालं, तर त्याला सरकारवर भरपाईचा दावा लावता येणार नाही, अशी तजवीज आधीच करून ठेवली होती. कोंडी फुटेल याची एवढी खात्री होती, तर ही पळवाट कशाला हवी होती?

सायकलस्वार कोर्टात गेले. जुलै २०२५ मध्ये न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सायकल ट्रॅक मिळणं हा काही मूलभूत हक्क नव्हे, हे त्यांनाही मान्य. पण असलेला, जीव वाचवणारा ट्रॅक उखडायचा, आणि त्याने कोंडी कमी होईल याला पुरावाही नाही, हे जगण्याच्या आणि सुरक्षिततेच्या हक्कावर गदा आणणारं आहे, असं त्यांनी म्हटलं. ट्रॅक काढून कोंडीत फारसा फरक पडणार नाही, हे सरकारला मिळालेल्या सल्ल्यातही होतं. तेही कोर्टापुढे आलं. सरकारने अपील केलं.

आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही निळ्या कपड्यांतली माणसं त्या बुटक्या कठड्याच्या आडून कामावर गेली.