फाटक्या पुस्तकांची यादी

(एका तालुक्याच्या वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं मुद्दाम तशीच ठेवली आहेत.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'बालकुमारांनी वाचलीच पाहिजेत अशी ५० पुस्तके'. मी फोनवर सांगितलं होतं, 'मुलं वाचतात अशी काही पुस्तकं'. सेक्रेटरीसाहेबांनी त्यात 'च' घातला, वर ५०चा आकडा. आकड्याबद्दल तक्रार नाही, त्यांना फ्लेक्सवर जागा भरायची होती. पण त्या 'च'शी माझं जुनं भांडण आहे.

मी ३१ वर्षं एका शाळेच्या ग्रंथालयात काढली. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली, पाच लोखंडी कपाटं आणि मी. शाळेचं नाव सांगत नाही. लग्नकार्यात अजून त्याच लोकांच्या पंगतीला बसायचं असतं. (हशा) एवढ्या वर्षांत मला एकच गोष्ट कळली आणि तीच सांगायला आले आहे. मुलांचं पुस्तक चांगलं आहे की नाही, हे परीक्षण वाचून कळत नाही. पुस्तक उलटं करून त्याची पाठ बघायची. शिवण उसवलीय? कोपरे कुत्र्याच्या कानासारखे झालेत? पान ३२वर हळदीचा डाग आहे? मग ते पुस्तक चांगलं.

हे ऑफिसला कसं पटावं? तुमच्यात शिक्षक बरेच दिसतायत, तुम्हाला 'डेडस्टॉक' ठाऊक असेल, शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंद. पुस्तकांची दाखल नोंदवही वेगळी असते, पण ऑफिसच्या तोंडी सगळं डेडस्टॉकच. बाकं, घंटा, नकाशे, प्रयोगशाळेतला सांगाडा आणि पुस्तकं. दर एप्रिलला पडताळणी व्हायची. पुस्तक कोरं करकरीत निघालं की 'बाई, तुमचं काम चोख'. फाटकं निघालं की खुलासा. म्हणजे जी पुस्तकं कुणी उघडली नाहीत त्यांच्याबद्दल शाबासकी, आणि जी पोरांनी जीव टाकून वाचली त्यांच्याबद्दल मेमो.

तर १९९४च्या पडताळणीत एक 'फास्टर फेणे' निघालं. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे तुम्हाला मी काय सांगणार! फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला, अंगाने काडी, सायकलवर स्वार, आणि तोंडात ते 'टॉक्'. या मालिकेची वीस पुस्तकं आहेत आणि माझ्याकडच्या विसांतलं एकही धड नव्हतं. पण हे जरा जास्तच होतं. शेवटची चार पानं गायब. फाटलेली नव्हती हो, पट्टी लावून व्यवस्थित कापलेली.

गंमत बघा, पुस्तकाच्या तारखांची पट्टी खच्चून भरलेली. शेवट नसलेलं पुस्तक त्या वर्षात १४ पोरांनी नेलं आणि एकानेही तक्रार केली नाही. मला संशय आला. मधल्या सुट्टीत सातवी 'ब'च्या मागच्या बाकाशी गर्दी दिसली. गेले तर एका पोराची कंपासपेटी उघडी, कर्कटकाखाली चार पानं घडी करून ठेवलेली, आणि शेजारी पेरूंचा ढीग. साहेबांनी दुकान काढलं होतं! पुस्तक लायब्ररीतून फुकट न्यायचं, शेवट याच्याकडे येऊन वाचायचा. दर एक पेरू. अर्धा पेरू आणणाऱ्याला दोनच पानं. (हशा) म्हणजे चोर सापडतो, पण कसा सापडला ते उरलेल्या अर्ध्या पेरूत.

तो मुलगा आज एका बँकेच्या कर्ज विभागात आहे. नाव सांगत नाही, पण तुमच्यापैकी दोघांचं घरकर्ज त्याच्याकडे असावं.

मी त्याला विचारलं, 'अरे, पानं का कापलीस?' तो म्हणाला, 'बाई, सगळे आधी शेवट वाचतात. मग पुस्तक वाचत नाहीत. आता वाचतात.' वाचनसंस्कृतीवर मी पुष्कळ परिसंवाद ऐकले. इतकं कामाचं कुणी बोललं नाही.

ऑफिसने मात्र किंमत आणि वर दंड वसूल करायला सांगितलं. मी शेऱ्याच्या रकान्यात 'पाने ४ गहाळ' लिहायला हवं होतं. मी लिहिलं, 'पाने ४ वापरात'. त्यावर माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. दोन पानी खुलासा मी दिला आणि तो कुणीही वाचला नाही. तो अजून कोरा करकरीत असेल. (हशा)

चिठ्ठी आली वाटतं. 'वीस मिनिटे झाली, पुस्तके?' हो, हो. येतेच.

त्याआधी 'अवांतर' या शब्दाबद्दल एक मिनिट. शाळेच्या वेळापत्रकात आपण लिहितो 'अवांतर वाचन'. अवांतर म्हणजे मुद्द्याला सोडून. मी आतापर्यंत जे बोलले ते अवांतर. गोष्टीचं पुस्तक वाचणं कसं अवांतर झालं? पालक यायचे आणि म्हणायचे, 'बाई, हा अवांतर फार वाचतो, जरा कमी पुस्तकं देत जा.' 'जरा कमी पाणी पाजत जा' असं कुणी म्हणतं का?

आणि दुसरं दुखणं बक्षिसांचं. निबंधाला, रांगोळीला, धावण्याला, सगळ्याला बक्षीस 'श्यामची आई'. एका मुलीच्या घरी पाच प्रती झाल्या होत्या, पाचही प्लास्टिकच्या कव्हरात. पुस्तकाशी माझं वाकडं नाही. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं, आणि त्यातला तो पोहायचा प्रसंग मी वर्गात वाचला की पोरं श्वास रोखून ऐकायची. विहिरीत उडी मारायला भिऊन श्याम लपून बसतो आणि आई त्याला शोधून, फोकाने मारून, पोहायला धाडते. वर्गात ज्यांना पोहता येत नव्हतं ती मुलं श्यामच्या बाजूची आणि येत होतं ती आईच्या बाजूची. हाणामारीची वेळ आली होती. तेच पुस्तक 'घे, वाच, जरा वळण लागेल' म्हणून हातात दिलं की त्याचा काढा होतो. काढा कुणी दुसऱ्यांदा मागत नाही.

बरं, आता यादी. पन्नास काही होत नाहीत, जमतील तेवढी सांगते. निकष एकच, माझ्या कपाटात फाटलेली.

अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे. 'राधाचं घर' आणि यशची पुस्तकं. त्यांत कुणी उपदेश करत नाही. घरातली माणसं घरातल्यासारखी बोलतात. चित्रंही त्यांचीच, आणि चित्रांत कोपऱ्यात काय चाललंय ते मुलं आपल्याआधी बघतात. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' आणि 'एटू लोकांचा देश' घ्या, पण मोठ्याने वाचा. मनात वाचलेल्या बालकवितेला चव नसते. पुढे ज्ञानपीठ मिळालेल्या कवीने मुलांसाठी लिहिताना हात राखला नाही, हे त्या ओळी तोंडात घोळवल्यावर कळतं.

आठ ते बारा म्हणजे वाचायचं खरं वय. फेणे झाला. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' भाषेने जुना वाटेल, पहिली दहा पानं तुम्ही वाचून दाखवा, पुढची मूल हिसकावून घेतं. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे'. रशियन 'देनिसच्या गोष्टी' जुन्या बाजारात मिळाल्या तर सोडू नका. आमच्या लहानपणी ती सोव्हिएत पुस्तकं वडापावच्या पैशांत मिळायची, कागद असा की गालाला लावावा. 'तोत्तोचान' आहेच, चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेलं. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा आणि मुलीचं चार तास ऐकून घेणारे हेडमास्तर. आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक प्रत ठेवली होती. ती कोरी राहिली. (हशा)

माहितीची पुस्तकं म्हटलं की लोक ज्ञानकोश आणतात. कशाला? वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' द्या. १९८१ सालापासून ते छापलं जातंय. गुलामाच्या पोटी जन्मलेला जॉर्ज कार्व्हर पुढे अलाबामातल्या टस्कीगीला शेतीचा शास्त्रज्ञ होतो, कापसाने खंगलेल्या जमिनीत भुईमूग घ्यायला शिकवतो. आमच्या प्रतीत पानापानांत शेंगदाण्याची फोलं सापडायची. मी कधी झटकली नाहीत. मग विलास मनोहरांचं 'नेगल', हेमलकशाच्या आमट्यांकडे वाढलेल्या बिबट्याचं. ते आणि मारुती चितमपल्लींची रानावरची पुस्तकं एकाच पोराला दिलीत तर पोरगं घरी राहत नाही, तयारी ठेवा.

आणि जयंत नारळीकर. 'यक्षांची देणगी' आधी द्या. देताना त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेची हकिगत सांगा. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज. नावाच्या वशिल्याशिवाय बक्षीस मिळतं का ते बघायचं होतं. मिळालं. सातवीतल्या पोरांना हे सांगितलं की ती आधी स्वतःची आद्याक्षरं उलटी करतात आणि मग पुस्तक उघडतात.

घंटा? पहिली ना ही? दोन मिनिटं.

तेरा-चौदाच्या मुलांचा प्रश्न वेगळा. त्यांना मुलांची पुस्तकं नकोत आणि मोठ्यांची आपण देत नाही. प्रकाश नारायण संतांच्या लंपन नावाच्या मुलाच्या कथा द्या, 'वनवास'पासून सुरुवात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' जेमतेम शे-दीडशे पानांची, पण कोवळा मास्तर त्या धनगरवस्तीत शिरतो तेव्हा वाचणाराही शिरतो. आनंद यादवांचं 'झोंबी', शिकण्यासाठी बापाशी भांडलेल्या पोराचं. ते वाचून माझ्याकडे एक मुलगा आला आणि काही न बोलता पुस्तक ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी तेच परत न्यायला आला.

आणि मिलिंद बोकिलांची 'शाळा'. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, जोशी आणि शिरोडकर. ती शाळेच्या कपाटात ठेवू नये असं मला तोंडी सांगण्यात आलं. मी टेबलाच्या खणात ठेवली. ती फाटली नाही, ती गेलीच. दुसरी आणली, गेली. तिसरीही गेली. माझ्या नोंदीत फाटणं ही पदवी धरलीय, चोरीला जाणं म्हणजे डॉक्टरेट. या एकाच पुस्तकाला ती मिळाली.

पैशांचं विचाराल म्हणून सांगते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ साली निघालं, त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही ढिगाने आहेत, तीही फुकट. प्रिंट काढून स्टेपल करा. फाटली तर पुन्हा काढा.

दुसरी घंटा. थांबते. हॅरी पॉटर राहिला, मुलींची नावं घेतलेली पुस्तकं राहिली, भुताच्या गोष्टी राहिल्या, कॉमिक्सवर तर मला भांडायचं होतं. पुढच्या वर्षी बोलावा, मात्र 'च' काढून.

जाता जाता एक. ते फेणेचं पुस्तक नंतर निर्लेखित झालं, म्हणजे रद्दीत निघालं. मी ते रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलं. हे बघा. पहिल्या रांगेतून मागे फिरवते. सावकाश बघा, मुलांनाही दाखवा. शेवटची चार पानं माझ्या पर्समध्ये आहेत. चहाच्या वेळी भेटा. येताना पेरू आणा.